आधी तुम्ही, बंधू

जाण्याचा ठराव एकमताने झाला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्या बेळगावच्या बंधुवर्गात चहाची वेळसुद्धा कधी एकमताने ठरलेली नाही. पण पाळकसाहेबांनी हकीकत सांगितली आणि सगळे गप्प झाले. कॅसलरॉकच्या पलीकडे, दिग्गीच्या रानात, खानापूरकडून लाकूडतोडीला गेलेली आपल्या ख्रिस्ती मंडळीची सहा घरे आहेत. त्यांचा पुढारी, ज्याला ते 'वडील' म्हणत, गेल्या पावसाळ्यात तापाने वारला. तेव्हापासून प्रार्थनेची झोपडी बंद आहे. येत्या पावसाळ्याआधी तिथे राहायला कुणी गेले नाही, तर ती घरे ठेकेदारांच्या मागे चार दिशांना पांगणार.

"तुमच्यातल्या एकाने राहायचे आहे," पाळकसाहेब म्हणाले. "कोणी, ते तिथे जाऊन ठरवा."

आमच्या बंधुवर्गाचे ध्येय एकच, पुरुषांनी सेवा करत करत पुढारी व्हावे. नियमही एकच, प्रत्येकाने दुसऱ्याला पुढे करावे आणि स्वतः मागे राहावे. ऐकायला फार गोड आहे. या नियमाने आठवडाभर प्रवास करून पाहा, म्हणजे मी का चिडलो आहे ते कळेल.

निघालो तिघे. डेव्हिड मास्तर शाळेत शिकवतात. आवाज खणखणीत आणि प्रार्थना लांब. याकोबराव कचेरीतून निवृत्त झालेले. भर उन्हातही अंगातला कोट काढत नाहीत. तिसरा मी, शिमोन. पुस्तके बांधण्याचे दुकान मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. मी राहणार नव्हतो, हे मी घरून निघतानाच ठरवले होते. माझा स्वभाव तापट, पुढारी होण्याच्या लायकीचा मी नाही, हे बंधुवर्गात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

बेळगाव स्टेशनावरच नियमाने पहिला दणका दिला. गाडी फलाटाला लागली. डब्याच्या दाराशी मास्तर म्हणाले, "आधी तुम्ही, याकोबराव." याकोबराव म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही, बंधू." मागे माणसे खोळंबलेली. गार्डाने शिट्टी मारली तेव्हा मी दोघांना पाठीमागून ढकलून आत घातले. याकोबरावांची वळकटी फलाटावरच राहिली. पुढचे सगळे दिवस ते माझी घोंगडी पांघरून झोपले आणि माझ्यासाठी प्रार्थना करत राहिले.

लोंढ्याला गाडी बदलावी लागते. तिथे दोन तास आहेत, तेव्हा पोटभर खाऊन घ्यावे. पुढे कॅसलरॉकला चहाशिवाय काही मिळाले नाही. आणि कुणी जाणार असाल तर उळवीच्या जत्रेच्या दिवसांत जाऊ नका. आम्ही नेमके तेव्हाच गेलो. बैलगाड्या सगळ्या जत्रेला गेलेल्या. दुपारपर्यंत हिंडलो तेव्हा परसू नावाचा एक शेतकरी दीड रुपया आणि वाटेतल्या जेवणावर बाजारकुणंग गावापर्यंत न्यायला तयार झाला.

रस्ता म्हणजे चाकोरीच. दोन्हीकडे सागवान आणि मत्ती, मधूनच भाताचे कापलेले रान, मग पुन्हा झाडी. चढ आला की खाली उतरून चालायचे. आमचे दोघे बंधू चालताना एकमेकांच्या मागे राहायला बघत. एक थांबला की दुसरा थांबे. शेवटी गाडी पुढे, मी मध्ये, आणि दोघे पार मागे एकमेकांना वाट देत उभे.

परसूने मान वळवून पाहिले. "त्यास्नी काय झालंय?"

"नम्रता," मी म्हणालो.

"हितं वाघ हाय म्हणावं. आन् वाघ म्हागल्याला धरतोय."

मी ते मोठ्याने मागे कळवले. त्यानंतर दोघेही गाडीच्या जूपर्यंत आले आणि मुक्कामापर्यंत तिथून हलले नाहीत. मला हसू आले, हे कबूल करतो.

बाजारकुणंगला परसूच्या ओळखीच्या एका घरी ओटीवर जागा मिळाली. घरच्या बाईंनी उकड्या तांदळाची पेज, कुळथाचे पिठले आणि आंब्याचे लोणचे वाढले. दमून आलेल्या माणसाला याहून चांगले अन्न नाही. पण पहिला घास कोणी घ्यायचा? मास्तर याकोबरावांकडे बघतात, याकोबराव मास्तरांकडे. पेजेवर साय धरली. बाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"उपास हाय काय तुमचा? आधी सांगायचं न्हाई व्हय?"

मी भुरका मारला. घाईत जीभ भाजली असती, पण तोवर पेज पार गार झाली होती.

दुसऱ्या दिवशी दिग्गीकडे पायी निघालो. काळी नदी इथल्याच डोंगरात उगम पावते. ठिकठिकाणी आडवी येते आणि पाणी गुडघ्याएवढेच असते, पण दगड निसरडे. काठी हवीच. दुपार कलताना ती सहा घरे दिसली. उतारावर कुडाच्या भिंती, वर गवत. मधोमध प्रार्थनेची झोपडी, दाराला दोरी बांधलेली. दाराशेजारच्या खुंटीवर पाण्याची एक जुनी कावड टांगलेली होती, बांबू हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

वारलेल्या वडिलांची बायको सालूबाई पुढे आली. काटक, पन्नाशीची. आम्हा तिघांना आळीपाळीने निरखून तिने एकच विचारले, "ह्यातलं ऱ्हाणार कोन?"

मास्तरांनी याकोबरावांकडे हात केला. याकोबरावांनी मास्तरांकडे. मी आभाळाकडे पाहिले. संध्याकाळभर दोघांनी एकमेकांच्या गुणांची यादी वाचली. दोघांनाही आपले नाव दुसऱ्याच्या तोंडून यायला हवे होते, आणि दोघेही दुसऱ्याचेच घेत होते. लोक एकेक करून उठून गेले.

पहाटे फटफटले तेव्हा मला चहा हवा होता. घागर कोरडी. पाणी आणण्याचा मान कोणाचा, यावर आमचे दोघे बोलू लागले. माझे डोके फिरले. खुंटीवरची ती कावड ओढली, घागरी अडकवल्या आणि तरातरा ओढ्याकडे उतरलो. उतार भयंकर आहे. खाली पाण्याजवळ झुडपात काहीतरी काळे हलले. मी चिडलेला होतो, त्यामुळे भ्यायच्या आधी ओरडलोच, आणि एक अस्वल काठ चढून निघून गेले.  मग घागरी भरल्या, खांदा सोलून घेत वर आलो.

वर सगळी माणसे उभी होती. बायका घागरी घेऊन माझ्या शेजारून हसत खाली उतरू लागल्या. सालूबाईने झोपडीच्या दाराची दोरी सोडली.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"वडलांची कावड हाय ती," सालूबाई म्हणाली. "सकाळी पान्यावर जनावर असतंय. वडील आधी उतरतोय, म्हागनं बायका. जो ती कावड घिऊन आधी जाईल त्यो आमचा वडील. हितं आसंच ठरतंय."

"अहो, मला माहीत नव्हतं! चुकून घेतली मी!"

"व्हय, चुकूनच घेतलीसा," ती शांतपणे म्हणाली. "आमच्या मालकांनीबी चुकूनच घेतल्याली."

मास्तर दुखावले होते. "मी रात्रीच तयार झालो होतो," ते म्हणाले, "पण स्वतःचे नाव स्वतः कसे घ्यायचे?" याकोबराव म्हणाले, तेही तयार होते. मग मात्र माझा तोल गेला. तयार होता तर बोलला का नाहीत? ही माणसे सहा महिने वाट बघताहेत आणि तुम्ही एकमेकांना दार उघडून उभे! मी कावड खुंटीला लावली आणि सांगितले, हे दोघे माझ्यापेक्षा भले आहेत, यांच्यातला एक घ्या.

"उद्या जाऊ द्यात की त्यास्नी आधी," सालूबाई म्हणाली. "कोन अडिवतंय?"

दुसऱ्या दिवशी मी झुंजुमुंजू होताना जागा होतो. बाहेर दोघांची कुजबूज ऐकू येत होती. "आधी तुम्ही, मास्तर." "नाही हो, तुमचा मान." मी डोळे मिटून पडून राहिलो. आज मी उठलो तर सुटका नाही, हे मला ठाऊक होते. जरा वेळाने डबा बडवल्याचा आवाज आला, वरून खाली जात जात लांब गेला. सालूबाई जनावर पळवायला डबा वाजवत एकटी उतरत होती. गेले सहा महिने तीच आधी उतरत होती.

त्याच दिवशी आम्ही निघालो. कुणी अडवले नाही. कॅसलरॉकला गाडी आली तेव्हा तिघेही भराभर चढलो.

घरी आल्यावर मी बायकोला सगळे सांगितले. स्टेशन, वळकटी, गार पेज, सगळे. हातवारे करून सांगितले. ती तांदूळ निवडत ऐकत होती, मधून हसत होती. शेवटच्या सकाळचे सांगितले तेव्हा तिचा हात थांबला.

"डबा वाजला तेव्हा तुम्ही जागे होता?"

"होय."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते सुचेना. मास्तर आणि याकोबराव आपल्याला मान मिळावा म्हणून मागे राहिले. मी कातडी वाचवायला मागे राहिलो. म्हणजे ते माझ्यापेक्षा बरेच होते, आणि त्यांच्यावर ओरडलो मात्र मीच.

दुकान भाऊ बघेल. बायको घर लागल्यावर येईन म्हणते. दिग्गीला राहण्यासाठी पाळकसाहेबांना मी स्वतःचे नाव स्वतःच सांगितले; नियम मोडला म्हणून याकोबराव बंधुवर्गाच्या वहीत लिहून ठेवतील, खुशाल ठेवोत.

तुमच्यापैकी कुणी तिकडे येणार असेल तर जत्रा टाळा, काठी आणा, लोंढ्याला जेवून घ्या. कावड आणू नका, ती तिथे खुंटीला आहे. खांद्यावर घ्यायला जाड कापडाची घडी मात्र घरूनच आणा, बांबू पहिल्याच दिवशी कातडे सोलतो. बायकोने माझ्यासाठी तशा दोन शिवल्या आहेत, एक वापरायला आणि एक धुवायला.