एकाच गालानं श्वास घेणारा मासा

नवीन आलेला मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा, हा नियम मी दोन मासे मारून शिकले. हो, मारूनच. उगाच 'गेले' वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. समुद्र आमच्यापासून घाटाच्या पार खाली, त्यामुळे नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये मी ड्रमभर पाण्यात माशांच्या दुकानातलं खास मीठ कालवून समुद्र तयार करते. हॉलमध्ये मोठी टाकी आहे आणि बाल्कनीच्या दाराशी एक छोटी, अगदी उघडीबोडकी. वाळू नाही, दगड नाही, लपायला फक्त प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा. ती क्वारंटाइनची. सासूबाई तिला बाळंतिणीची खोली म्हणायच्या.

सासूबाई कळवणकडच्या. सगळं आयुष्य शेतात आणि शेरडांमागे गेलेलं. गुडघ्यांच्या उपचारासाठी त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि त्याच आठवड्यात मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यातून माझा एंजल जातीचा मासा आला. गडद निळा, अंगावर पांढरी कडी काढलेली, जेमतेम तळहाताएवढा. दोन वर्षं मी त्याची वाट बघत होते. पण आधीच्या दोन माशांनंतर नवऱ्याला मी छातीठोक सांगून बसले होते, "हा जगला नाही तर दोन्ही टाक्या भंगारात देईन. पुन्हा मासा म्हणून घरात आणणार नाही." आणि मी बोलले की करते, हे त्यालाही माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी मासा खाईना. कल्ले भराभर हलायला लागले, मधूनच पाइपाला अंग घासायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे निदान करायची खुमखुमी भारी. बॅटरी मारून पाहिलं तर अंगावर बारीक धूळ असल्यासारखं वाटलं. म्हणजे मखमली रोग, मी ठरवूनच टाकलं. आधीचा एक मासा त्यानंच गेला होता. त्यावर तांब्याचं औषध देतात, पण थेंबाथेंबानं, रोज पाणी तपासून. कमी पडलं तर रोग हटत नाही आणि जास्त झालं तर मासाच संपतो. दुकानदाराला फोनवर मी मोठ्यानं हे सगळं सांगितलं, पहिला डोस दिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

दुपारी परत येऊन तांबं मोजायला परीक्षानळीत पाणी घेतलं, तर रंग तक्त्यावरच्या शेवटच्या खुणेपेक्षाही गडद. माझा विश्वासच बसेना. पुन्हा केलं, तेच! मग टाकीत नीट वाकून पाहिलं. पाइपामागे आमचं पाणी प्यायचं तांब्याचं फुलपात्र, चिंचेनं लखलखीत घासलेलं, निवांत बुडालेलं आणि खाऱ्या पाण्यात तांबं सोडत असलेलं.

"आई, हे काय केलंत तुम्ही?" मी किंचाळलेच. "मासा आहे तो, देव्हाऱ्यातला देव नाही, तांब्याचं भांडं पुढ्यात ठेवायला!"

त्या गोंधळून उभ्या राहिल्या. "तूच म्हनलीस ना फोनवर, तांब्याचं औषध लागंल म्हणून. आपण तर जलमभर तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यालो. म्हनलं, लेकराला चांगलंच हाय."

"चांगलं? विष आहे ते त्याला! विचारायचं तरी एकदा! सगळ्यात हात घालायलाच हवा का?"

मी तणतणत फुलपात्र काढलं, टाकीतलं जवळजवळ सगळं पाणी उपसलं, ड्रममधलं ताजं भरलं, उरलंसुरलं तांबं शोषायला फिल्टरमध्ये कोळसा घातला. मासा तळाशी बसून धापा टाकत होता. तो दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही तोंड फुगवूनच शाळेत गेले. आज आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

परत आले तर सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी टाकीसमोर स्टुलावर बसलेल्या. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं.

"रागावू नकोस," त्या हळूच म्हणाल्या, "पन हे लेकरू एकाच गालानं श्वास घेतंय बघ. डावा गाल मिटलेलाच. सकाळधरनं एकदाबी उघडला नाय."

मी वाकले. खरंच की! डावा कल्ला चिकटवल्यासारखा बंद, उजवा एकटाच राबतोय. दोन दिवस मी त्याच्या अंगावरची धूळ शोधत होते आणि हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

"शेरडू असतं ना, तर म्या म्हनले असते जंत झालेत. जंताचं औषध पाजलं असतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जंत! कल्ल्यांत चिकटून बसणारा बारीक किडा असतो, मासा एक कल्ला मिटून घेतो, हे मी वाचलं होतं, अगदी पेन्सिलीनं खूण करून वाचलं होतं. तो किडा तांब्याला दाद देत नाही. त्या फुलपात्रापायी मला पाणी बदलावं लागलं नसतं, तर मी आज डोस वाढवला असता आणि वाढवतच गेले असते.

खात्री करायला एक सोपा उपाय असतो, गोड्या पाण्यात हे किडे सुटून खाली पडतात. बादलीत गोडं पाणी घेतलं, फिल्टरचं, टाकीइतकंच कोमट, चिमूटभर खायचा सोडा घालून. त्यात हवेची नळी सोडली. मासा पाच मिनिटं त्यात ठेवायचा. तो आडवाच झाला. सासूबाईंनी माझा दंड गच्च धरला. "अगं बाई, काढ, काढ त्याला!" मी घड्याळावरची नजर हलवली नाही. पाच मिनिटांनी मासा उचलून टाकीत सोडला आणि आम्ही दोघी बादलीत डोकावलो. तळाला तिळाएवढे पांढरे ठिपके पडलेले. आठ-दहा तरी असतील.

"हेच ते मेले!" सासूबाई म्हणाल्या आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं.

त्याच संध्याकाळी जंताचं औषध पाण्यात गेलं, आठवड्यानं पुन्हा एकदा. मधल्या एका दुपारी सासूबाईंनी चिमट्यात कोळंबीचा बारीक तुकडा धरला. मासा पाइपातून बाहेर आला, थांबला आणि त्यानं तो ओढूनच घेतला. दोन्ही कल्ले उघडझाप करत होते. मी त्यांना मिठीच मारली. "आई, तुम्ही नसतात तर गेला होता हो हा! चुकलं माझं. त्या दिवशी नाही नाही ते बोलले."

"असू दे गं."

"पण खरं सांगा, तो मिटलेला कल्ला तुम्हाला दिसला कसा? मी एवढी बॅटरी मारून बघत होते."

त्यांनी चिमटा पदराला पुसला. "तू वरडलीस तवापासून मी त्याचा एकेक श्वास मोजत बसले व्हते," त्या म्हणाल्या. "म्हनलं, हा थांबला तर माझ्याच हातानं थांबला. मग निजायचं तरी कसं?"