तुरटीचं पाणी

किराणा दुकानात बरणीतले तुरटीचे खडे दिसले आणि माझी नणंद सुमन आठवली. लग्न झाल्यावर तिच्या सासूनं तिला बजावलं होतं, "नवरा धरून ठेवायचा तर तुरटीच्या पाण्यानं खालून आतून धूत जा, अंग आवळून राहतं." ती वर्षानुवर्षं धूत राहिली. आतली कातडी सोलवटली, जखमा चिघळल्या. नवरा जवळ आला की दुखण्याच्या भीतीनं ती अंग चोरायची. आपण तिला आवडत नाही, असं समजून तो बाहेरच्या खोलीत निजू लागला.

डॉक्टरबाईंनी ते पाणी बंद करायला लावलं. जखमा भरल्या, पण त्याचं अंथरूण बाहेरच राहिलं.

परवा सुमन म्हणाली, "वहिनी, त्यांना आत या म्हणावंसं फार वाटतं. पण इतक्या वर्षांत मी असं कधी म्हटलेलंच नाही."