गाडी का तापते, ते अप्पांना कळलं होतं

आत्ताच घरी पोचलेय, अंग नुसतं आंबून गेलंय.

वडिलांना, म्हणजे अप्पांना, डोळे तपासायला शेवगावहून नगरला नेत होते. आमची जुनी गाडी करंजी घाटाच्या अलीकडे तापली. महिन्यात तिसऱ्यांदा!

"पंख्याचा आवाज येत न्हाई. फिरतच नसंल त्यो," अप्पा म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? गप्प बसा जरा," मी खेकसले.

दोन तास उन्हात काढल्यावर मेकॅनिक आला. त्याने रेडिएटरच्या पंख्याला थेट बॅटरीची वायर लावली आणि पंखा गरगर फिरला.

"पंख्याला करंट देनारा रिले गेलाय, ताई. पंखा चालूच हुत न्हाई."

डॉक्टरांची वेळ टळली होती. परतताना मी म्हणाले, "अप्पा, चुकलं माझं."

"असू दे. गाडीचं दुखनं तरी कळलं."

घरच्या माणसाचं म्हणणं परक्याच्या तोंडून आल्यावरच का पटतं हो आपल्याला?