आक्कांनी कापलेले खिसे

आमच्या निपाणीच्या गल्लीत कुणी गेलं, की त्या घरची चूल काही दिवस पेटत नाही. शेजारच्या बायका भाकरी-पिठलं, आमटी-भात घेऊन जातात. इंदूआक्का कात्री घेऊन जायच्या. दिवसकार्य उरकलं आणि गेलेल्या माणसाचे कपडे दान द्यायला बाहेर काढले, की आक्का दारात उभ्या. हातात काळ्या मुठीची लांब कात्री आणि साडीच्या दुकानाची मळकी पिशवी. गल्लीत नव्यानं आलेल्या सुनांना वाटायचं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. जुन्या बायका मात्र त्यांना बसायला पाट द्यायच्या आणि म्हणायच्या, "आक्का, काय पायजे त्ये घ्या."

माझा नवरा गेला तेव्हा त्या नव्या सुनांत मीही होते. प्रवीण चिकोडीला सरकारी कचेरीत कारकून होता. रोज सकाळी डबा घेऊन बसनं जायचा, दिवेलागणीला परत यायचा. एके दिवशी बसस्टँडवरच त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आमची मुक्ता तेव्हा तीन वर्षांची होती.

तेरावा झाल्यावर सासूबाईंनी त्याच्या कपड्यांचा गठ्ठा बांधला. गेलेल्याचं कापड घरात ठेवलं की त्याचा जीव अडकतो, असं आमच्याकडे मानतात. तेवढ्यात आक्का आल्या, गाठ सोडली आणि एकेका शर्टाचा खिसा कापायला लागल्या. सासूबाई कडाडल्या.

"अवो आक्का, बिनखिशाचा शर्ट कोण घालंल? दान द्यायचं हाय त्ये!"

"दुसरा खिसा लावून देतो की मी," आक्का मान वर न करता म्हणाल्या. "ह्यो ऱ्हाऊ द्या. पोरीचा हात ह्यात जायाचा."

ते खरं होतं. प्रवीण दारात आला, की त्यानं चपला काढायच्या आत मुक्ता त्याच्या खिशात हात घालायची. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या असायच्या. आक्का समोरच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेल्या असायच्या, त्यांनी हे कधी टिपून ठेवलं होतं कुणास ठाऊक. हायस्कुलात जन्मभर शिवण शिकवलेली बाई. संध्याकाळपर्यंत सगळ्या शर्टांना नवे खिसे लावून गठ्ठा परत आणून दिला. सासूबाई त्यांच्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत.

पुढे भिंतीवर लावायला फोटो करून आणला. स्टुडिओवाल्यानं लग्नातल्या फोटोमधून प्रवीणचं डोकं तेवढं उचललं आणि खाली निळा कोट, लाल टाय बसवून दिला. गेलेल्या माणसाला कोट घालायची काय हौस असते या लोकांना, देव जाणे. प्रवीणनं जन्मात कोट घातला नव्हता. लग्नातही साधा सदराच होता. मुक्ता फ्रेमसमोर उभी राहिली, जरा वेळ बघत राहिली आणि तिनं मला विचारलं, "हे काका कोण?"

मी तशीच आक्कांच्या घरी गेले. म्हटलं, "आक्का, हिला बाप आठवणारच नाही." कुणीतरी 'असं कसं गं' म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. आक्कांनी तेही म्हटलं नाही.

"न्हाईच आठवणार. तीन वर्साचं पोर त्ये, काय आठवंल? माझी आय गेली तवा मी चार वर्साची हुतो. तिचा एक फोटो हाय माझ्याकडं. त्यात ती फोटोवाल्याकडं बघतीया. माझ्याकडं न्हाय." मग म्हणाल्या, "आठवण आपल्या हातात न्हाय, शोभा. पर वळख करून देता येती. चिकटवही करू या."

पुढच्या आठवड्यात मी बेळगावला गेले होते, तेव्हा खडेबाजारातून एक झकपक वही आणली. जाड गुळगुळीत पानं, चकचकीत फुगे, अस्वलं, इंद्रधनुष्यं. आक्कांनी सगळी पानं उलटून बघितली.

"लई भारी हाय. पर ह्यात तुझ्या नवऱ्याला जागा कुटं हाय? अस्वलंच बसल्यात सगळीकडं."

मला हसू आलं. प्रवीण गेल्यानंतरचं ते पहिलं हसू, आणि हसले म्हणून लगेच रडायलाही आलं. आक्कांनी मला रडू दिलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "इकत आणलेलं नगं. पैसं घातलं की तू जपून ठिवणार, आन् पोरीनं हात लावला की वरडणार. घरात हाय त्यातच करायचं. मळली तर मळू दे, फाटली तर परत चिकटवू."

मग दर रविवारी दुपारी आम्ही तिघी त्यांच्या पुढच्या सोप्यात बसायला लागलो. पानांसाठी लग्नपत्रिका. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून कुणी ती टाकत नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरात गठ्ठे साठलेले असतात, निम्म्या मराठी, निम्म्या कानडी. त्यांची कोरी बाजू आम्ही वापरली. त्यामुळे मुक्ताच्या बाबांच्या प्रत्येक पानामागे कुणाचं तरी लग्न लागलेलं आहे. पुठ्ठे साडीच्या खोक्याचे. खळ आक्का स्वतः शिजवायच्या, मैद्याची, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. त्या विषारी खळीला मुक्तानं बोट लावलेलं त्यांना चालायचं नाही, भाताची शितं तिच्या वाट्याला. चिकटवलेलं पान सपाट व्हावं म्हणून पाट्याखाली ठेवायचं. दाभणानं भोकं पाडून परकराच्या नाडीनं ओवलं, की झाली वही.

पहिल्या पानावर एक खिसा, तिन्ही बाजूंनी टाचून वरून उघडा ठेवलेला. त्याच्या तळाशी बॉलपेनची शाई गळलेली आहे. पुढे चिकोडीच्या बसची तिकिटं, डब्याच्या पिशवीचा बंद, दाढीच्या साबणाचं वेष्टण. मला लाज वाटायची, असला कचरा काय चिकटवायचा. आक्कांना वाटायची नाही. लग्नातला घोळक्याचा फोटो मी कापायला घेतला, तर त्यांनी कात्रीच काढून घेतली.

"माणूस कापायचं न्हाय. कडंला कोण हुतं, कोण हासत हुतं, कोण मान खाजवत हुतं, समदं ऱ्हाऊ दे. एकटा काढलास की त्यो कोटवाला हुतोय."

लिहितानाही त्यांचा जाच असायचा. मी लिहिलं होतं, 'तुझे बाबा फार प्रेमळ आणि सज्जन होते.' आक्कांनी वाचलं आणि वही माझ्याकडे परत ढकलली. "ह्ये तर समद्यांच्याच फोटोखाली लिवत्यात. चांगला हुता म्हणून नगं सांगूस. कसा हुता त्ये सांग." मग मी लिहिलं, की आमटीतली कढीपत्त्याची पानं ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवायचा. मुलीला झोपवायला जायचा आणि तिच्या आधी घोरायला लागायचा. माझ्याशी भांडण झालं की भांडी घासायचा, आणि मुद्दाम आपटत घासायचा. लिहिलं की तो माणूस समोर येऊन बसायचा आणि वही मिटली की उठून जायचा.

एका रविवारी सासूबाई आल्या. उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. आक्कांनी चटई पसरली. बराच वेळ सासूबाई पानं बघत होत्या, मग म्हणाल्या, "दुधावरची साय चोरून खायाचा. मिशीला लागायची तरी न्हाय म्हणायचा. लिव्ह." मी लिहीपर्यंत त्यांनी तोंडाला पदर लावला होता. त्यानंतर त्याही दर रविवारी यायला लागल्या.

वही तयार झाली तसा आक्का आणि मुक्ताचा एक खेळ सुरू झाला. आक्का मुद्दाम चुकीचं बोलायच्या. "तुझा बाबा कढीपत्ता लई आवडीनं खायाचा, व्हय गं?" मुक्ता उसळून उठायची. "न्हाय! ओळीनं लावायचा!" "आन् घोरायचा न्हाय कवा." "घोरायचा! माझ्या आधी!" मी आत चहा टाकत ऐकायची. मुलीला स्वतःचं असं काहीच आठवत नाही, हे मला पुरतं माहीत होतं. तरी ती बापाची बाजू घेऊन तावातावानं भांडायची.

मुक्ता सहा वर्षांची झाली आणि आक्कांच्या पोटात गाठ निघाली. बेळगावच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं ते डॉक्टरांनी हात टेकल्यावरच. मी रोज जायची. एकदा मी नको ते बोलून गेले, "आक्का, तुम्ही गेल्यावर मी काय करू?" त्या चिडल्या. "मला काय इचारतीस? मी काय जाऊन आलोय व्हय?" आणि दुखत असतानाही हसल्या. मग माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या गेल्या तो दिवस थंडीचा होता. पुण्याहून त्यांचा मुलगा आला, अंगणात माणसं जमली. मुक्ताला माझ्या बहिणीकडे पाठवावं, असं सगळे म्हणत होते. प्रवीणला नेलं तेव्हा तिला असंच दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवलं होतं. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. या वेळी ती हलायला तयार नव्हती. माझा पदर घट्ट धरून पायरीवर उभी होती. आक्कांना उचललं, माणसं कोपऱ्यावरून वळली.

मग तिनं मला विचारलं, "आई, बाबांना पण असंच नेलं?"

मी म्हटलं, "हो."

"आणि मग आलेच न्हाईत?"

"नाही आले."

तिचा चेहरा बदलत गेला. ती पायरीवर बसली आणि "बाबा, बाबा" करून रडायला लागली. आक्कांचं नाव तिच्या तोंडात नव्हतं. सासूबाई धावत आल्या, तिला पोटाशी धरून "गप गं, गप माझ्या बाय" म्हणायला लागल्या. मी म्हटलं, "नका तिला गप्प करू." तीन वर्षांनी माझी मुलगी तिच्या बापासाठी रडत होती. रडण्याइतका बाप आक्कांनी तिला मिळवून दिला होता, आणि हे सांगायला मला आक्का हव्या होत्या.