साखळी म्हणजे भात नव्हे

मंडळी, आज सत्तराव्या वर्षी माझे कान टोचले गेले.

शेजारच्या फिलिपला उद्या नातीला आपल्या वडिलांच्या जुन्या फटफटीवरून चर्चला न्यायचंय. मी तिच्या क्लच प्लेटा बदलल्या, इंजिन आणि क्लच जोडणारी साखळी, म्हणजे प्रायमरी चेन, एका जागी बोटाने दाबून ढील पाहिली आणि झाकण लावलं. सुरू करताच गाडी कण्हायला लागली.

"चेन एकाच जागी बघितलीस?" फिलिपने विचारलं.

"शितावरून भाताची परीक्षा!"

"भात सारखा शिजतो रे. ही कुठे कमी, कुठे जास्त झिजते."

झाकण उघडून, चेन फिरवून जागोजागी दाबली, तर एका ठिकाणी तारेसारखी ताठ! तिथे बेताची ढील दिली, कण्हणं थांबलं.

माझा धाकटा भाऊ एकदा उलट बोलला, त्या एका शितावर त्याला वर्षानुवर्षं जोखत आलोय. आता त्याला फोन लावतोय.

तुमचं आहे का असं कुणी?