चार बोटं वरून

जीजीच्या घरून रिकाम्या हातानं कधी कोणी गेलं नाही. पण कोणाच्या हातात लाडू ठेवला जाई आणि कोणाच्या ओंजळीत तो चार बोटं वरून पडे. कोणाला ठेवायचा नि कोणाला टाकायचा हे जीजीचा हात ठरवायचा. जीजीला त्याची खबरही नसायची.

जीजी माझी आत्या. आता ती नाही. खाप्याची लेक, नागपुरातल्या सक्करदऱ्याची सून, तोंडानं फटकळ. भाजीवालीला उन्हात उभी ठेवायची नाही, बळेच सावलीत बसवून "जेवली काय वं?" म्हणून विचारायची. आणि पोळी द्यायची ती वरूनच. मी एकदा हटकलं, तर माझ्यावरच उखडली, "काहीही बोलून राहिला काय गा? माह्या मनात असलं काही नाही!" मनात खरंच नव्हतं.

सत्तरीत ती अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. लाटणं धरता येईना, तेव्हा जीजीला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. व्यायाम करून घ्यायला मनीषनगरहून अस्मिता नावाची फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. जीजीनं पहिल्याच दिवशी तिचं आडनाव विचारून घेतलं. तीही सवयच. तरी दोघींचं फार जमलं. अस्मिता तिचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट वळवायची आणि जीजी कळवळत कळवळत घरातल्या सगळ्यांच्या कागाळ्या तिला सांगायची.

महिन्याभरानं मूठ वळली. जीजीनं हौसेनं तिळाचे लाडू केले. पहिला अस्मिताला. तिनं हात पुढे केला, आणि लाडू वरून पडला.

अस्मितानं तो टेबलावर ठेवून दिला. म्हणाली, "आजी, महिनाभर मी तुमचा हात धरून राहिली, तेव्हा चाललं. अन् आता हाच हात मले भिऊन राहिला?" चपला घालून निघून गेली ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

जीजीला जेवण गेलं नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "मुद्दाम करत असती तर सोडून देता आलं असतं गा. हे तर मले दिसतच नव्हतं." मग तिनं सांगितलं, की लहानपणी कोणाला काही देताना हात फार खाली गेला, की माय मनगटावर टिचकी मारायची. कारण सांगायची नाही. "मी बी कधी विचारलं नाही, काहून म्हणून. टिचकी थांबली, हात वरच राहिला."

मी समजुतीचं काही बोलणार, तोवर बाईसाहेबांनी सराव सुरू केलासुद्धा. मी हात पुढे केला तर म्हणे, "तू घरचा. तुह्यावर करून काय फायदा?" मग भाजीवालीचा, कचरागाडीवाल्याचा हात धरून ती त्यात लाडू दाबू लागली. कचरागाडीवाल्याला पहिल्यांदा वाटलं, म्हातारीला चक्करच आली. कधी बोटं आधीच सुटत आणि लाडू जमिनीवर. "मेल्या हाता!" म्हणत ती स्वतःच्याच मनगटावर चापट मारी. मला हसू आवरायचं नाही, आणि तिचा अभिमानही वाटायचा.

शेवटी तिनं फोन लावला. "पोरी, मले तुही माफी मागाची आहे. तू नको येऊ, मीच येते."

रविवारी मी तिला मनीषनगरला नेलं. अस्मितानं दार उघडलं, बसा म्हणाली, पण चेहरा ताठच. जीजीनं डब्यातून लाडू काढला, तिच्या तळहातावर ठेवला आणि वर आपला हात तसाच दाबून धरला. बराच वेळ. अखेर अस्मिता हसली, "सोडा ना आजी, खाऊ तर द्या."

तेवढ्यात तिची आई आतून करंज्या घेऊन आली. जीजीकडे तिनं एकदा नीट पाहिलं, आणि बशी हातात न देता टीपॉयवर ठेवून मागे सरकली. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. तिचे हात तेवढंच शिकलेले होते.

जीजी बशीकडे पाहत राहिली. करंजी तिनं उचलली नाही. हळूच उठली, अस्मिताच्या आईसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळहात तिच्यापुढे धरले.

"हातात दे वं, माय."