सर्वानुमते झालेली नवी बांधणी

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मंडळात माझ्याशिवाय आणखी चार जण. चौघांनाही टाईप करता येतं, पण आमच्या बेसबॉल मंडळाची सभेची वही अजून हातानेच लिहितात आणि ती वर्षानुवर्षं मीच लिहीत आले आहे. तीन वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने महिला संघाची जी नवी बांधणी केली, ती बरोबर होती की चूक, असा अहवालाचा विषय. संघ तोवर उरलाच नव्हता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि त्या घोड्यावर बसायला मी.

मी कॉलेजात असताना पिचर होते. नंतर लग्न, मुलगा, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी. पण मैदान सुटलं नाही. सकाळी साडेपाचला शाळेच्या मैदानावर जायचं, मुलींचा सराव बघायचा, साडेसातला घरी येऊन डबे करायचे. नागपुरात बेसबॉल खेळतो म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे क्रिकेटच ना? आधी मी समजावून सांगायची. आता हो म्हणते.

संघ बरा होता. फार मोठा नाही, बरा. राज्य स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं चौथा आला. आता चौथा क्रमांक म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. पहिल्या तिघांना पदक मिळतं आणि खेळाडूंसाठी राखीव असलेल्या सरकारी जागेवर अर्ज करायचा तर ते पदक लागतं. चौथ्याला सहभागाचा कागद देतात. तो फ्रेम करून भिंतीवर लावता येतो.

असे दोन कागद आमच्या कॅचरच्या घरी भिंतीवर होते. विणकरांच्या वस्तीतली मुलगी. आजोबांपर्यंत घरात हातमाग होता. वडील एका सोसायटीत चौकीदार. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. वडिलांनी तिला सांगितलं होतं, आणखी दोन वर्षं खेळ, पोलिसात लागलीस तर ठीक, नाही तर मिळेल त्या कामाला लाग. म्हणजे दोन वर्षं आणि एक पदक, एवढाच तिचा हिशेब. बेसबॉलमध्ये कॅचर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, मागे उकिडवी बसते, पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू झेलते आणि कोणता चेंडू टाकायचा ते बोटांनी खुणावते. आमच्या पिचर पोरींना शहाणं केलं ते तिनेच. चेंडू चुकला की ती उठून जायची, पोरीच्या हातात तो परत द्यायची आणि म्हणायची, "घाबरून काहून राहिली वं, मी हाओ ना मागं." मी हे रोज बघत होते. म्हणजे माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आमचे सचिव मिहानमधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्या घराण्यात मराठ्यांच्या राज्यापासून कागद सांभाळायची कामं चालत आलेली, त्यामुळे माणूस टापटिपीचा. मैदानावर रोज फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडायला लागल्या, नव्या बॅटा आल्या, मुलींना पायाचे गार्ड मिळाले ते त्यांच्यामुळे. हे मी अहवालातही लिहिलं आहे. सकाळी फोनवर ते अमेरिकेतले सामने बघतात. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांच्या घरी सभा भरली. गरम आलूबोंडे होते. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "मॅडम, तिकडे मोठमोठे संघ असंच करतात. जुने लोक मोकळे करायचे, कोवळ्या पोरी घ्यायच्या. दोन वर्षं हरून जायचं, टेन्शन घ्यायचं नाही. तिसऱ्या वर्षी बघा."

बावीसच्या वरच्या सगळ्या मुली कमी करायच्या, असं त्यात होतं. एकूण पाच. कॅचर त्यातलीच.

तिकडे एका संघाने सोडलेल्या खेळाडूला दुसरा संघ घेतो. आमच्या जिल्ह्यात महिलांचा दुसरा संघच नव्हता. हे त्या खोलीत पाचही जणांना ठाऊक होतं आणि पाचांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. अध्यक्ष म्हणाले, हात वर करा. चार हात वर गेले. मग माझा गेला. काहून गेला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. लॅपटॉपवरच्या तक्त्यांपुढे मला माझं म्हणणं जुनाट वाटलं. दवाखान्याच्या खिडकीत बसणारी बाई त्या लॅपटॉपला काय सांगणार? आणि एकटीचा हात खाली राहिला असता तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. एवढंच कारण आहे. यापेक्षा बरं कारण मला अजून सापडलं नाही.

वहीत मी लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर.

आमच्याकडे कुणाला काढलं असं तोंडावर सांगत नाहीत. जुनी पद्धत आहे. मोसमाच्या पहिल्या सकाळी सगळ्या मुली फक्कीच्या रेघेच्या एका बाजूला उभ्या राहतात, मंडळातली जुनी खेळाडू यादी वाचते आणि जिचं नाव आलं ती रेघ ओलांडून पलीकडे जाते. जी उरली ती उरली. जुनी खेळाडू म्हणजे मीच. त्या सकाळी कॅचर मास्क डोक्यावर सरकवून, पायांना गार्ड बांधून तयार उभी होती. मी यादी वाचली. शेवटचं नाव वाचून कागदाची घडी केली, तरी ती माझ्याकडे बघतच होती, जणू मी दुसरा कागद काढणार आहे. मग तिने खाली बसून गार्ड सोडले. रेघेपलीकडे तिच्या जागी घेतलेली पंधरा वर्षांची पोर उभी होती. कॅचर रेघ ओलांडून तिच्याजवळ गेली, तिच्या पायांना ते गार्ड बांधले, पट्टे आवळले, घट्ट झाले का विचारलं, आणि सायकल घेऊन निघून गेली. मी तिला थांबवलं नाही. मी हातातला कागद परत उघडून वाचल्यासारखं केलं.

नव्या पोरी गुणी होत्या, खोटं कशाला बोला. सगळ्या एकाच शाळेच्या, एकाच वर्गाच्या, दहावीच्या. एका मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली की काम झालं, एका व्हॅनमध्ये सगळा संघ मावतो, म्हणून सचिवांना ते सोयीचं वाटलं. आम्हालाही वाटलं. पहिल्या वर्षी आम्ही ठरल्याप्रमाणे हरलो. बावीसच्या आतल्या जुन्या मुलीही हरून हरून गळाल्या, आणि त्यांच्या जागी याच वर्गातल्या घेतल्या. दुसऱ्या वर्षी, अकरावीत, त्या असं खेळल्या की बघत राहावं. पदक एका सामन्याने हुकलं. सचिव म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं ना." मीही मान हलवली.

तिसऱ्या वर्षी त्या बारावीत गेल्या. सगळ्याच्या सगळ्या, एकदम.

यावर काय लिहावं? नागपुरात ज्याच्या घरी मूल आहे त्याला बारावी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझ्या मुलाच्या बारावीत मी टीव्हीवर चादर टाकली होती आणि त्याची बॅट माळ्यावर चढवली होती. त्याने ती कधी मागितली नाही, याचा मला अभिमान वाटायचा. सचिवांच्या मुलीचं नृत्य तिच्या बारावीत सुटलं ते सुटलंच. आमच्या कोचसरांनी स्वतःच्या मुलाला वर्षभर मैदानाकडे फिरकू दिलं नाही. असे आम्ही पाच जण, आणि ज्या वर्षी फळ यायचं ते वर्ष आम्ही सगळ्या पोरींच्या बारावीत नेऊन ठेवलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलो, आणि पळतं कुठे चाललंय तेही पाहिलं नाही. अमेरिकेतल्या संघांना ही चूक करता आली नसती. त्यासाठी आमच्यासारखेच आईबाप लागतात.

जुलैपासून एकेकीची आई येऊ लागली. भांडायला कुणी आलं नाही. उलट डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या, "मॅडम, तुम्हीच सांगा, क्लासवाले सकाळी सहाला बोलवून राहिले." दिवाळीनंतर मैदानावर आठ जणी उरल्या. प्रवेश अर्जाला नऊ नावं लागतात.

सचिव मला म्हणाले, "मॅडम, त्या जुन्या कॅचरला विचारून बघा ना, तुमचं ऐकेल ती." मी फोन केला. ती मिहानमध्ये एका गोदामात कंत्राटावर सामान पॅक करत होती. लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात, भिवापूरकडच्या घरात. लग्नानंतर खेळ बंद, हे सासरी आधीच कबूल झालेलं. तिने फक्त एवढं विचारलं, "पदक आलं तं अर्ज भरता येते ना, ताई, अजून?" मी म्हटलं, येतो. दोन दिवसांनी ती बिनपगारी रजा मांडून पहाटे मैदानावर आली. जुनेच बूट, धुऊन आणलेले. पोरींशी हसून बोलली, पिचरचे पंचवीसेक चेंडू झेलले, आणि मला त्या सकाळी खरंच वाटलं की यातून निभावेल.

साडेसहाला शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये खेळणाऱ्या पोरीची, आई स्कूटीवर आली. क्लासच्या परीक्षा नेमक्या स्पर्धेच्या आठवड्यात लागल्या होत्या. ती आपल्या मुलीला मागे बसवून घेऊन गेली. नववी आली आणि आठवी गेली. अर्ज पाठवायचा त्याच दिवशी होता. आम्ही तो पाठवला नाही.

कॅचरने ग्लोव्ह काढून पिशवीत टाकला. मग म्हणाली, "जातो मी ताई. दुपारची शिफ्ट भेटली तं पाहतो."

तर असा अहवाल. मी चार पानं लिहिली. आधी चांगलं काय झालं ते लिहिलं. मग चुका. एकाच वर्गाच्या मुली घेतल्या ही पहिली. पिचर नव्या घेतल्या आणि त्यांना घडवणारीलाच घालवलं ही दुसरी. पदकापासून एका पायरीवर पोचलेल्या मुलींचं पुढे काय होईल, याचा विचार कुणी केला नाही ही तिसरी, आणि ती मी सगळ्यात कडक शब्दांत लिहिली. लिहिताना जरा बरंही वाटलं, हे कबूल करते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढताना माझं अक्षर फार सुरेख येतं.

सभेत वाचून दाखवला. कुणी रागावलं नाही. सचिव म्हणाले, "फार छान लिहिलं मॅडम, एकदम बॅलन्स्ड." त्यांनी खिलाडूपणे चूक मान्य केली आणि लॅपटॉप उघडला. या वेळी सातवीच्या मुली घ्यायच्या, म्हणजे बारावीपर्यंत पाच वर्षं हातात राहतील. अध्यक्ष म्हणाले, हात वर करा. मी मान खाली घालून वहीत लिहीत राहिले. लिहिणाऱ्या माणसाचा हात कुणी मोजत नाही. ठराव पुन्हा सर्वानुमते झाला, आणि तसं मीच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अहवालाची एक प्रत घेऊन मी कॅचरच्या वस्तीजवळच्या चौकात जाऊन उभी राहिले. मिहानची बस तिथे साडेतीनला येते. का गेले? तिच्यावर अन्याय झाला हे कुणीतरी लिहून ठेवलंय, ते तिला दिसावं म्हणून. म्हणजे मीच लिहून ठेवलंय, हे तिला दिसावं म्हणून.

ती उतरली, ओढणीने तोंड पुसलं, आणि रसवंतीच्या मांडवाखाली उभ्याउभ्या चारही पानं वाचली. सावकाश वाचते ती. मी दोन ग्लास रस सांगितला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बराबर लिहिलं ताई." मला हायसं वाटलं. मग तिने तिसरं पान परत काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं लिहिलं का व्यवस्थापनानं ठरवलं. त्याच्यात कोण कोण होते?"

मी नावं सांगितली. अध्यक्ष, सचिव, कोचसर, खजिनदार.

"हे तं चारच झाले," ती म्हणाली. "तुम्ही बी हात वर केला होता का?"

रसाचे ग्लास आले. तिने एक माझ्या पुढ्यात सरकवला. खोटं बोलायला मला तेवढा वेळ होता. मी हो म्हटलं.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या सकाळी मी यादीची घडी केल्यावर बघत होती तशीच. मग पानं नीट जुळवून तिने माझ्या हातात परत दिली.

"मले वाटे का तुम्ही नसन केला," ती म्हणाली. "म्हणून तं तुमचा फोन आला तं मी आली."

तिने रस पूर्ण प्यायला, ग्लास ठेवला आणि वस्तीच्या गल्लीत वळली. मी तिथेच उभी होते. अहवालात माझ्या हाताची ती एक ओळ घालायची राहिली होती, आणि अहवाल तर आदल्या दिवशीच मंजूर झाला होता.